राहात्याला जायची गाडी

“आधी खाली बघा.”

सकाळी सात वाजता मी घाईघाईने गाडीचं दार उघडायचे आणि मागून हा आवाज यायचा. वळून बघावं तर काका एक गुडघा टेकून, एक हात रस्त्यावर ठेवून माझ्या गाडीखाली डोकावत असायचे. सत्तरी उलटलेला माणूस, पांढरा पायजमा, त्यावर धुऊन धुऊन विटलेला खाकी शर्ट, आणि मान इतकी तिरकी की डोक्यावरची टोपी आता पडते की मग पडते. मिनिटभराने ते उठायचे, हात झटकायचे आणि निकाल द्यायचे.

“कोरडं हाय. निघा.”

एखाद्या दिवशी निकाल विरोधात जायचा. मग पर्स बॉनेटवर ठेवून, साडीच्या निऱ्या सावरत मलाही खाली बसावं लागे. “ह्यो काळा ठिपका दिसला? ऑइल. हिरवट आसता तर कूलंट. नुसतं पानी आसंल तर एसीचं, त्याला भ्यायचं न्हाई. बोट लावा, वास घ्या.” शाळेची वेळ टळत असायची आणि मी भररस्त्यात बोटाचा वास घेत बसलेली असायचे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेलच, ज्याला कुणी काही विचारलेलं नसतं आणि जो सांगितल्याशिवाय राहत नाही. आमच्या भिंगारच्या गल्लीत ते काम काकांकडे होतं. लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी सिव्हिलियन मेकॅनिक म्हणून उभी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या सगळ्या गाड्या त्यांनी परस्पर आपल्या ताब्यात घेतल्या. मालकांना हे कळायला थोडा वेळ लागला.

ते चिठ्ठ्या लिहायचे. जुन्या कॅलेंडरच्या पानाचा चतकोर तुकडा वायपरखाली खोचलेला असायचा, वर नाव नाही की खाली सही नाही. “डावं मागचं. हवा कमी.” “वायपरचं रबर गेलं. काच खरवडंल.” समोरच्या साहेबांना एकदा आली होती: “सांगून झालं. ठिपकतंय. आता तरी दाखवा.” साहेब चिडले. गल्लीत चेष्टा झाली. काका स्वतःच्या ओट्यावर बसून ऐकत राहिले आणि दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी पुन्हा खोचून आले.

मी पडले विज्ञानाची शिक्षिका. घोडेगावच्या पुढे माझी शाळा. एसटीने जाऊन जाऊन वैतागले तेव्हा, सेहेचाळिसाव्या वर्षी, गाडी शिकले आणि एक जुनी गाडी घेतली. नवरा पुण्याला नोकरीला, रविवारपुरता येणारा. आठवड्याचे बाकीचे दिवस घरात माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. खरं सांगते, सकाळी उठल्यापासून कानावर पडणारं पहिलं वाक्य काकांचं असायचं, आणि मी वरवर कितीही कुरकुर केली तरी मला ते हवं असायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात मी एक पराक्रम केला. बॉनेट उघडलं तर कूलंटची डबी निम्मी रिकामी दिसली. पाणीच तर आहे, म्हणून मी अंगणातल्या बोअरचा नळ सोडला आणि तांब्याने डबी भरून टाकली. पुढचे दोन-तीन महिने कमी झालं की मी भरत राहिले. मग मे महिन्यात, शाळेचं काम आटोपून परत येताना, इमामपूर घाटाच्या चढावर गाडीच्या नाकातोंडातून वाफ निघायला लागली. मी कडेला थांबले. बॉनेट उघडून झाकणाला हात घालणार, तेवढ्यात काकांना विचारावंसं वाटलं म्हणून फोन लावला.

“झाकनाला हात लावू नका!” ते एवढ्या जोरात ओरडले की मोबाईल कानापासून लांब धरावा लागला. “तोंड भाजंल. बंद करा गाडी, लांब जाऊन सावलीला बसा. म्या येतो.”

तासाभराने एका टेम्पोतून ते उतरले. दोन्ही हातांत फिल्टरच्या पाण्याचे कॅन. गाडी निवल्यावर त्यांनी जाडसर फडकं घेऊन झाकण हळूहळू सैल केलं, आत बोट फिरवलं आणि पांढरं झालेलं बोट माझ्यापुढे धरलं.

“काय वतलं हुतं?”

“पाणी.”

“कुठलं?”

“बोअरचं.”

“बाई, तुमी शाळंत काय शिकवता?”

“विज्ञान,” मी म्हणाले. काकांनी तोंड घाटाकडे फिरवलं. हसत होते की काय, मला दिसलं नाही. जड पाणी आणि मृदू पाणी हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय. किटलीत क्षारांचा थर कसा बसतो, हे फळ्यावर आकृती काढून सांगितलेलं. आमच्या बोअरच्या पाण्याने बादल्या पांढऱ्या पडतात, नळाच्या तोट्यांवर क्षार धरतात, हे रोज बघत होते. पण गाडीच्या पोटातही तेच होणार, हे काही सुचलं नाही.

“आनि काटा चढताना दिसला न्हाई व्हय?” त्यांनी दार उघडून आत बघितलं. डॅशबोर्डवर, बरोबर काट्यापुढे, मी हौसेने छोटा गणपती चिकटवला होता. “देवाला बाजूला बसवा. त्याला काटा बघायचा न्हाई, तुमाला बघायचाय.”

त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मी यायचे तेव्हा काका आमच्या फाटकाशी उभेच असायचे. टायरची हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजायची. गाडी पळवून आणून मोजली तर आकडा खोटं सांगतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची नाही, सेकंडला ठेवायची, म्हणजे ब्रेकवर सगळा भार येत नाही. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. “त्यो काय पाट हाय का पाय ठिवायला?” उसाच्या ट्रॉलीमागे चिकटून चालायचं नाही, तिला मागे दिवा असेल यावर विश्वास ठेवायचा नाही. ऊस तुटला की उंदीर शेतातून घरांकडे येतात आणि बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात, म्हणून त्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी बॉनेट उघडायचंच. गल्लीतले लोक तिथे तंबाखूची पुरचुंडी ठेवायचे. काका म्हणायचे, “उंदरांना सवय लागंल, दुसरं काय.”

सर्वांत जास्त जीव त्यांचा स्टेपनीवर. एका रविवारी त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना डिकी उघडायला लावल्या. बहुतेकांच्या स्टेपनीत हवाच नव्हती. एकाच्या डिकीत गेल्या दिवाळीचा आकाशकंदील निघाला, माझ्या डिकीत तपासून झालेले पेपर. सगळे हसत होते, पण काका हसले नाहीत. प्रत्येक स्टेपनीवर अंगठा दाबत ते पुढे जात राहिले.

त्यांची स्वतःचीही एक गाडी होती. मरून रंगाची, छोटी, जुनी. तिच्यावर शिवून घेतलेलं कापडी आवरण. शनिवारी संध्याकाळी ते आवरण काढायचे, तासभर खपायचे आणि मला सांगायचे, “उद्या राहात्याला जायचंय. लेकीकडं.”

रविवारी संध्याकाळी बघावं तर आवरण पुन्हा घातलेलं.

“काका, गेला नाहीत?”

“बेल्ट जरा करकरतोय. येवढ्या लांब न्यायची म्हणल्यावर रिस्क नको.”

पुढच्या शनिवारी बेल्ट बदललेला असायचा. मग अलाइनमेंट निघायचं. मग एक हेडलाइट जरा मंद वाटायचा. राहाता आमच्याकडून फार तर दोन तासांवर. रस्ता खराब आहे हे मान्य, पण काकांची गाडी त्या रस्त्यावरून दिल्लीपर्यंत गेली असती. मला आधी गंमत वाटली. नंतर वाटेनाशी झाली.

एकदा ते माझ्या मागच्या चाकाशी बसून टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवत होते. ती बाजू दिसत नाही, हातानेच बघायची, असं त्यांचं सांगणं. मी सहज विचारलं, “काका, मुलगी इकडे येत नाही का कधी?”

हात तिथेच थांबला. मग ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

“लगीन नगरच्या कार्यालयात केलं हुतं. झालं सगळं नीट. पाठवनीची येळ. व्याह्यांची गाडी फुलांनी सजवलेली. लेक रडतीय, तिची आई रडतीय. मला काय सवय, म्या खाली वाकलो. फेटा बांधलेला तसाच. आतल्या बाजूनं हात फिरवला तर टायरला ह्यो येवढा फुगा, कधीबी फुटंल आसा.” त्यांनी मूठ दाखवली. “म्हणलं, ही गाडी जायची न्हाई.”

“मग?”

“व्याही म्हणले, मुहूर्त टळतोय. म्या म्हणलं, टळू द्या. ते आयकंनात. मग म्या चावी काढून घेतली. खिशात टाकली. समद्या वऱ्हाडापुढं. स्टेपनी काढा म्हणलं, तर स्टेपनीत हवा न्हाई. माझी गाडी हुती की, हीच मरून, तवा नवीकोरी. म्हणलं हिच्यातनं न्या. तर व्याही म्हणले, तुमच्या गाडीत आमी पाय ठिवनार न्हाई. शेवटी लेक वऱ्हाडाच्या बसमधनं गेली. शालू नेसलेली, खिडकीपाशी बसून.”

त्या दिवाळसणाला काकांनी पुतण्याला मुराळी म्हणून पाठवलं, लेकीला माहेरी आणायला. व्याह्यांनी त्याला जेवू घातलं आणि रिकामाच परत पाठवला. ज्याने आमची गाडी अडवली त्याने स्वतः यावं, चुकलं म्हणावं, मग सून पाठवू, असा निरोप. काका म्हणाले, काय चुकलं? फुगा होता. त्यांची बायको त्यानंतर दोन वर्षांनी गेली. लेक आली, नवऱ्याबरोबर त्याच दिवशी परत गेली. पुढे सणासुदीला तिचा फोन यायचा. जेवलात का, औषध घेतलं का, बरं ठेवते.

“फुगा खरा हुता, बाई,” काका म्हणाले. “पन तिच्या आईनं मला त्या दिवशी येकच इचारलं. व्याह्यांना बाजूला घिऊन हळू सांगता आलं नसतं का? त्याचं उत्तर मला अजून सापडलं न्हाई.”

ते उठले, पायजम्याला लागलेली माती झटकली आणि माझ्या टायरला अजून काही धोका नाही म्हणाले.

मला राग आला होता, कुणाचा ते नक्की सांगता येत नाही. व्याह्यांचा असेल, काकांचा असेल. दोन म्हातारे एका टायरवरून भांडले आणि मधल्या मध्ये पोरीचं माहेर तुटलं. पण काकांचा मला जास्त आला, कारण व्याही तर गेल्याच वर्षी वारले होते. मला ते ठाऊक होतं, कारण दहाव्याला जायचं म्हणून काका सकाळी तयार होऊन ओट्यावर बसलेले मी पाहिले होते. दुपारी विचारलं तर म्हणाले, बॅटरी बसली. बॅटरी त्यांनी महिन्यापूर्वीच नवी टाकली होती, मला दाखवून, तारीख कशी बघायची ते शिकवून.

आता अट घालणारा माणूस उरला नव्हता. लेक फोनवर म्हणायची, “आण्णा, आता या की.” तिची मुलगी दुसरीत गेली होती, काकांनी तिला फक्त मोबाईलवर पाहिलं होतं. आणि आण्णा म्हणायचे, येतो, गाडीचं जरा काम काढलंय.

शेवटी एका शनिवारी मीच पदर खोचला. म्हटलं, काका, आज परीक्षा माझी. तुम्ही ओट्यावर बसा, गाडी मी तपासते. ते हसले, बसले. मी त्यांच्या मरून गाडीखाली वाकले, कोरडं. ऑइलची पट्टी पुसून बघितली, बरोबर. कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरीची टोकं, बेल्ट, दिवे, हॉर्न. चारही टायर आतून हात फिरवून पाहिले. स्टेपनी काढून हवा मोजली. कागदपत्रांची पिशवी उघडून पीयूसीची तारीखसुद्धा पाहिली. पाऊण तास लागला. मग मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

“काका, गाडीत काही नाही. एवढी चांगली गाडी अख्ख्या भिंगारमध्ये नसेल.”

माझं कौतुक करतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “बाई, तुमी येता का बरूबर?”

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. त्या रविवारी माझा नवरा दुपारच्या गाडीने येणार होता, म्हणून मी म्हटलं, तीनपर्यंत परत यायला हवं. काका म्हणाले, तीनला आनून सोडतो. इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी. मागच्या सीटवर कापडी पिशवी होती. आत काय, तर पेरू. राहात्याला पेरू घेऊन निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तिथल्या बागांचे पेरू सगळा जिल्हा खातो, आणि हे भिंगारच्या बाजारातून दोन किलो घेऊन निघालेले!

“तिला लई आवडायचे,” ते म्हणाले. “शाळंतनं आली की पैला पेरू.”

गाडी त्यांनी पन्नासच्या वर नेली नाही. राहुरीपर्यंत माझी शिकवणी सुरू होती. खड्ड्यात ब्रेक दाबून जायचं नाही, आधी दाबायचा आणि खड्ड्यात सोडायचा. ओव्हरटेक करताना पुढच्या गाडीचा आरसा दिसला पाहिजे. तुम्हाला त्याचा आरसा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. कोल्हार मागे पडल्यावर त्यांचं बोलणं कमी झालं. स्टेअरिंगवरचे हात मात्र आवळलेले दिसत होते.

लेकीची गल्ली त्यांना न विचारता सापडली. म्हणजे पूर्वी कधीतरी ते इथवर येऊन गेले असणार. घराच्या थोडं अलीकडे, समोरच्या बाजूला एका लिंबाखाली त्यांनी गाडी उभी केली. निळं फाटक, आत लहान मुलीची एक सायकल आडवी पडलेली. ओसरीच्या भिंतीवर हार घातलेला फोटो इथूनही दिसत होता.

इंजिन चालू होतं. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं म्हणून गल्लीतल्या प्रत्येकाला ज्यांनी झापलं होतं, ते काका पाच मिनिटं, सात मिनिटं तसेच बसून राहिले. फाटकाकडे कुणी येत नव्हतं.

“कुनी भायेर आलं, तर उतरतो,” ते म्हणाले.

“काका, आपण जाऊन बेल वाजवूया ना.”

“काय म्हनू?”

“काही म्हणू नका. पेरू द्या.”

त्यांनी मान हलवली, पण हात स्टेअरिंगवरच राहिला. मी घड्याळात बघितलं. साडेबारा होऊन गेले होते. मला डोळ्यांपुढे नवऱ्याची गाडी दिसायला लागली, घराला कुलूप, तो ओट्यावर बॅग घेऊन ताटकळलेला. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं मला माहीत नाही. मी जरा त्रासूनच म्हणाले, “काका, उतरायचं असेल तर उतरूया. नाहीतर निघूया, मला उशीर होतोय.”

“चला,” ते लगेच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. ते मला त्या वेळी बरं वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

परतीच्या वाटेवर उसाने खचाखच भरलेली एक ट्रॉली पुढे डुलत चालली होती, तिला ना दिवा ना लाल फडकं. काकांनी तिच्याबद्दलही काही म्हटलं नाही. घराशी आल्यावर पेरूंची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. “खराब हुतील. साहेबांना द्या.” नवरा अजून आलाच नव्हता. त्याची गाडी शिरूरजवळ रखडली होती. मी कुलूप काढलं आणि एकटीच पेरू धुवत बसले.

त्यानंतर राहात्याचं नाव त्यांनी काढलं नाही. चिठ्ठ्याही कमी झाल्या. सकाळी सातला मात्र ते यायचे, वाकायचे, कोरडं हाय म्हणायचे. दोन महिन्यांनी एका सकाळी आले नाहीत. मी पाच मिनिटं गाडीपाशी थांबले आणि मग त्यांच्या दाराकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काका पलंगावर होते, कुशीवर वळलेले, झोपेतच गेले होते.

तेव्हापासून सकाळी मला कुणी थांबवत नाही. मी वेळेवर निघते, शाळेत प्रार्थनेच्या आधी पोचते. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, अलीकडे तुम्ही अगदी घड्याळासारख्या येता. गल्लीत समोरच्या साहेबांनी एकदा उगाचच विचारलं, “माझ्या गाडीखाली काही दिसतं का हो?” मी वाकून पाहिलं. ठिपकत होतंच.

काका गेले तेव्हा लेक आली होती. तिने सगळं केलं, पुतण्यांच्या बरोबरीने उभं राहून. दहाव्यानंतर पाहुणे पांगले, आणि दुपारी ती माझ्या दाराशी आली. बापासारखंच रुंद कपाळ. मी तिला आत बोलावलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

“बाई, एक विचारू? त्या दिवशी आण्णांच्या शेजारी गाडीत तुम्हीच होता ना?”

“तू पाहिलंस?”

“स्वयंपाकघराच्या खिडकीतून. मरून गाडी दिसली आणि म्हटलं, आण्णा आले. सासूबाईंना सांगितलं, त्याही उठून बसल्या, म्हणाल्या चहा टाक, पोरीचं तोंड धुव. पळत बाहेर जाणार होते. मग वाटलं, नको. इतक्या वर्षांनी आलेत, त्यांचं त्यांना दारात येऊ दे. बेल वाजवू दे. मी समोर जाऊन उभी राहिले, तर त्यांना ओशाळल्यासारखं होईल. एवढंच मनात होतं. त्यांनी बेल वाजवावी. चहा उकळला, गाळला, साडी बदलली. दार उघडलं तर लिंबाखाली कुणी नाही.”

“फोन का नाही केलास?”

“केला ना. संध्याकाळी. विचारलं, आण्णा कधी येताय? म्हणाले, गाडीचं जरा काम निघालंय. मग मी पाहिलं म्हणून कशी सांगू? त्यांना किती वाईट वाटलं असतं. म्हटलं, एकदा आलेत तर परत येतील.”

मला गप्प राहता आलं असतं. तिला काही कळलं नसतं. पण काकांच्या ओट्याकडे पाठ करून मला तिथे बसवेना. मी तिला सांगितलं की ते वाट बघत होते, कुणी बाहेर येईल म्हणून. आणि निघूया असं म्हणाले ते मी. घाई त्यांना नव्हती, मला होती.

ती रडेल, रागावेल, असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. ती उठली, दारापर्यंत गेली आणि चपलेत पाय घालता घालता म्हणाली,

“शेजारी कोण बसलंय ते ओळखलं नव्हतं, बाई. पण तुमचापण कप काढला होता.”